दिवंगतांचा खोकला

नाटक मंडळीत त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्यांना 'दिवंगत' म्हणत. "दिवंगत, चहा घेणार का?" "अहो दिवंगत, तुमचा एक बूट माझ्या खुर्चीखाली आलाय." नवा माणूस हे ऐकून दचकायचा. दिवंगत मात्र शांतपणे म्हणायचे, "घेईन की. साखर कमी."

त्यांचं कामच तसं होतं. मंडळीचं एक खुनाचं नाटक वर्षानुवर्षं जोरात चाललं होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी घरमालक कॉफीचा घोट घेतो, "आज ही कॉफी जरा कडू..." एवढं म्हणतो आणि सोफ्यावर कोसळतो. तो घरमालक म्हणजे आपले दिवंगत. पुढे अख्खा दुसरा अंक इन्स्पेक्टर त्या सोफ्याभोवती येरझाऱ्या घालत एकेकाची उलटतपासणी घेतो, आणि प्रेत तिथेच, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, पसरलेलं असतं.

दिग्दर्शकाला त्यांचा फार अभिमान. दोघे कॉलेजपासूनचे मित्र, त्यामुळे कौतुकही अरे-तुरेतच चालायचं. "बाकीच्या नाटकांतली प्रेतं बघा," तो येईल त्याला सांगायचा, "पोट कसं भात्यासारखं वर-खाली होत असतं. आणि हा आमचा बघा. ओंडका! याच्यासारखं मरणं कोणाला जमत नाही."

या कलेमागचं गुपित साधं होतं. दिवंगत कॉलेजपासून सिगारेट ओढत. मध्यंतरात थिएटरच्या मागच्या जिन्यावर ते आणि दिग्दर्शक धूर काढत बसायचे, ते थेट तिसरी घंटा होईपर्यंत. इतक्या वर्षांत दिवंगतांच्या छातीत श्वास असा यायचा, की जणू घाईतला पाहुणा. दारात डोकावला, चप्पलही न काढता परत गेला. छाती हलायचा प्रश्नच नव्हता. ज्याला सगळे अभिनय म्हणत, ती खरं तर धाप होती.

हे उघडं पडलं ते सासूबाईंमुळे.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. वय झालेलं, पण बाई खणखणीत. त्यांची सर्दी हटेना म्हणून बायको त्यांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, आणि गाडी चालवायला म्हणून दिवंगतांना सोबत नेलं. तिथे एक यंत्र होतं. नळी तोंडात धरायची आणि जीव खाऊन फुंकायचं. सासूबाईंनी पदर खोचला, नळी धरली आणि अशी फुंकर मारली की डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा कॅलेंडरचा कागद फडफडला. नळीतून नव्हे, बाजूने सुटलेल्या हवेने.

"वा! छान आहे की छाती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ह्यांनाही फुंकू द्या ना एकदा," बायको म्हणाली. "आलेच आहेत तर."

दिवंगतांनी गंमत म्हणून नळी धरली आणि फुंकलं. डॉक्टरीणबाई यंत्राकडे बघत थांबल्या. मग त्यांच्याकडे बघत थांबल्या. म्हणाल्या, "हं, करा सुरुवात."

"झालं की."

"झालं?" त्यांनी यंत्राला बोटाने टिचकी मारली. "पुन्हा एकदा. या वेळी जरा जोर लावा."

दिवंगतांनी जोर लावला. डोळ्यांसमोर काजवे चमकले, कानशिलं लाल झाली, पण यंत्राने काही मनावर घेतलं नाही. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या, "राहू द्या हो जावईबापू. तुमच्या वाटचं मी फुंकते."

मायेने म्हणाल्या, हेच वाईट झालं. कुत्सितपणे म्हणाल्या असत्या तर दिवंगतांनी बाहेर येऊन रागाने आणखी एक सिगारेट पेटवली असती. पण मायेपुढे माणूस काय करणार? घरी जाताना त्यांनी पाकीट सिग्नलपाशी गाडीच्या खिडकीतून कचऱ्याच्या डब्यात फेकलं. नेम चुकला. मागच्या स्कूटरवाल्याने आवाज दिला म्हणून उतरून, ते उचलून पुन्हा नीट डब्यात टाकावं लागलं. म्हणजे त्यांनी सिगारेट एकदा नाही, दोनदा सोडली.

पहिले दिवस घरादाराला जड गेले. दिवंगत दाराच्या कडीशी भांडले, पंख्याशी भांडले, मोजे सापडत नाहीत म्हणून मोज्यांशी भांडले, आणि ते पायातच निघाले तेव्हा पायांशी भांडले. तोंडात सतत काहीतरी हवं म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या पेन्सिलींची टोकं कुरतडली. सासूबाई शब्दकोडं सोडवायला बसल्या की आधी पेन्सिल धुऊन घेत.

हेही हळूहळू ओसरलं. आणि आता सुटलो असं वाटतंय तोच खोकला सुरू झाला.

सिगारेट ओढत होते तेव्हाही सकाळी थोडं खाकरायचे, पण हा खोकला वेगळाच होता. पोटातून निघायचा, वाटेत बरगड्या गोळा करायचा आणि बाहेर पडताना भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखा वाजायचा. आणि रविवारी दुपारी प्रयोग होता. हाऊसफुल्ल.

पहिला अंक सुरळीत पार पडला. कॉफी कडू लागली, दिवंगत कोसळले, टाळ्या झाल्या. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. इन्स्पेक्टरचं काम करणारा पोरगेला नट खिशात हात घालून सोफ्यापाशी आला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मृत्यू होऊन दोन तास झाले असावेत."

तेवढ्यात दिवंगतांच्या छातीत गुदगुल्या झाल्या. त्यांनी ओठ आवळले, पायाची बोटं आवळली, जिथे जिथे म्हणून आवळण्यासारखं होतं ते सगळं आवळलं. पण खोकला निघाला तो निघालाच.

थिएटर चिडीचूप झालं. इन्स्पेक्टर हुशार होता. तो हवालदाराकडे वळून म्हणाला, "शरीरातली उरलेली हवा. मेल्यानंतर असं होतं कधीकधी. लिहून घ्या."

प्रेक्षकांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा खोकला आला तेव्हा इन्स्पेक्टर म्हणाला, "बरीच हवा उरली होती म्हणायची." तिसऱ्यांदा आला तेव्हा तो काहीच म्हणाला नाही, कारण तो स्वतःच तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळला होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. हवालदाराने प्रसंग ओळखून टोपी काढली आणि मृताला सलाम केला. का केला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग विधवाबाई धावल्या. नाटकातल्या विधवेचं काम करणाऱ्या या बाई अनुभवी होत्या. त्यांनी "अहो, मला टाकून कसे गेलात हो!" असा टाहो फोडून स्वतःला प्रेताच्या छातीवर झोकून दिलं, म्हणजे आवाज दबेल. हेतू चांगला होता, पण बाईंचं वजनही चांगलं होतं. दिवंगतांच्या छातीवर ते येऊन आदळताच आत साचलेला सगळा खोकला एकदम सुटला आणि बाईंचा केसांचा टोप उडून इन्स्पेक्टरच्या पायाशी पडला.

विधवाबाई क्षणभर टोपाखाली केस दाबायच्या पांढऱ्या टोपडीत बसून राहिल्या. मग प्रेक्षकांकडे वळून भरल्या गळ्याने म्हणाल्या, "पाहिलंत? आयुष्यभर असंच! जाताजाताही माझं काही डोक्यावर राहू दिलं नाही ह्यांनी."

इतका हशा त्या थिएटरने विनोदी नाटकांनाही ऐकला नव्हता.

दिग्दर्शक मात्र हसला नाही. प्रयोग संपल्यावर तो दिवंगतांना मागच्या जिन्यावर घेऊन गेला आणि त्याने पाकीट पुढे केलं. "एकच ओढ. अरे, सोडल्यापासूनच खोकायला लागलास ना? म्हणजे तुला सोडणं सोसत नाही. सरळ हिशेब आहे."

हिशेब सरळ दिसत होता खरा. दिवंगतांनी सिगारेट बोटांत धरली. बोटांना बरं वाटलं. जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं. काडी पेटली, जवळ आली, आणि नेमका तेव्हाच असा खोकला आला की काडी विझली. दुसरी पेटवली, तीही विझली. दिग्दर्शकाने वैतागून लायटर काढला, पण तोवर दिवंगतांना खोकता खोकता हसू फुटलं होतं. म्हणाले, "अरे, हा मला ओढू देत नाहीये. आधी डॉक्टरीणबाईंना विचारतो. मग बघू."

डॉक्टरीणबाईंनी आधी पाठीला स्टेथोस्कोप लावून छाती नीट तपासली. मग म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. श्वासाच्या वाटांना आतून बारीक केसांसारखी लव असते. तिचं काम झाडूचं. धूळ, कफ, जे काही आत जाईल ते वर ढकलायचं. तुमचे झाडू इतकी वर्षं धुराने लुळे पडले होते. आता ते उठलेत आणि साफसफाई काढलीय."

"इतका कचरा?"

"किती वर्षं साठवलात? सगळ्यांना असा खोकला येतो असं नाही, पण येतो तो सहसा काही आठवड्यांत कमी होतो. रक्त पडलं, ताप आला, दम लागायला लागला, तर मात्र लगेच या."

"मग फुफ्फुसं अगदी नव्यासारखी होणार?"

"नव्यासारखी नाही," त्या स्पष्टच म्हणाल्या. "जे कायमचं बिघडलंय ते बिघडलंय. पण जे उरलंय ते आता मोकळेपणाने काम करेल, आणि उरलंय ते काही थोडं नाही. तुम्हाला फरक कळेल."

दिवंगत तरंगतच बाहेर आले. इतके दिवस ज्याची लाज वाटत होती तो खोकला म्हणजे आतली सफाई कामगारांची फलटण होती तर! त्या दिवसापासून खोकला आला की ते कौतुकाने छाती थोपटायचे. "शाब्बास," म्हणायचे. "तो डावा कोपरा राहिलाय बघा."

दिग्दर्शकाला झाडूंचं कौतुक नव्हतं, त्याला प्रेत हवं होतं. खोकला थांबेपर्यंत त्याने शिंप्याकडून कापसाचा पुतळा करून घेतला आणि त्याला दिवंगतांचे कपडे चढवले. एक प्रयोग बरा गेला. दुसऱ्या प्रयोगात विधवाबाई सवयीने छातीवर कोसळल्या आणि पुतळ्याचं डोकं निखळून सोफ्याखाली गेलं. इन्स्पेक्टरने ते उचलून म्हटलं, "आता विषप्रयोगाची शक्यता कमी वाटते." त्या दिवशी पुतळा निवृत्त झाला. सुदैवाने तोवर दिवंगतांची साफसफाईही बरीच आटोपली होती आणि ते पुन्हा सोफ्यावर रुजू झाले.

दरम्यान घरी निराळाच घोटाळा झाला होता. एका दुपारी जेवताना दिवंगत थबकले. "अगं, भाजी खारट झालीय."

बायको म्हणाली, "रोजच्यासारखीच आहे."

"मग रोजच खारट असते?"

सासूबाईंनी आणि बायकोने एकमेकींकडे पाहिलं. "अहो," बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्ही रोज म्हणता, चव नाही, चव नाही. मी घालत गेले मीठ."

"आणि तुम्ही दोघी हे खात होता?"

"आम्ही आमची आधी बाजूला काढून ठेवतो," सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला काय आमची जीभ नको झालीय?"

जिभेपाठोपाठ नाक उठलं. आणि नाक उठलं ते सरळ दंगा करतच उठलं. लिफ्टमध्ये कोणी काय खाल्लंय ते त्यांना कळायला लागलं. आणि दुसऱ्या अंकात सोफ्यावर पडल्या पडल्या तर जगाचे वास त्यांच्या अंगावर चालून येऊ लागले. उशीवर कधीतरी मांजर झोपून गेली होती. इन्स्पेक्टरने मोजे बदललेले नव्हते. विधवाबाईंच्या पदराला कापूर आणि गुलाबाचं अत्तर यांचा मिश्र वास होता, आणि त्या जवळ आल्या की शिंक नाकाच्या टोकावर येऊन उभी राहायची. खोकल्याच्या दिवसांपेक्षाही आता मरणं कठीण झालं.

असंच एकदा ते डोळे मिटून पडले होते. इन्स्पेक्टर आपली ती मोठी सहा ओळींची वाक्यं म्हणत होता, आणि दिवंगतांना वास आला. मांजर नव्हे, मोजे नव्हे. कागद जळल्याचा.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. कोणीतरी बघेल. पण मंडळीतला बहुतेक प्रत्येक जण सिगारेट ओढणारा, ज्याचं-त्याचं नाक फक्त शोभेला. वास वाढायला लागला. इन्स्पेक्टर जवळ आला तसं दिवंगत ओठ न हलवता पुटपुटले, "जळतंय."

"काका, गप पडा," इन्स्पेक्टर दातांतून म्हणाला.

मग विधवाबाई गळ्यात पडायला आल्या. दिवंगत त्यांच्या कानात म्हणाले, "अहो, काहीतरी जळतंय!"

"जळतंय हो!" विधवाबाई मोठ्याने किंचाळल्या. "माझं काळीज जळतंय!" आणि त्यांनी टाळी घेतली.

आता काय करावं? एकीकडे इतक्या वर्षांची मेलेपणाची अब्रू, दुसरीकडे तीनशे माणसं आणि मखमली पडदा. दिवंगत उठून बसले.

बाल्कनीत कोणीतरी किंकाळी फोडली. दिवंगतांनी हात जोडले. "माफ करा मंडळी. मी मेलेलोच आहे, त्यात काही बदल नाही. पण पडद्यामागे कागद जळतोय." एवढं बोलून त्यांनी इन्स्पेक्टरच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि ते विंगेत शिरले.

विंगेत कागदी फुलांच्या टोपलीतून धुराची जाड वेणी वर चढत होती आणि एका कडेला ज्वाळा निघू लागल्या होत्या. टोपलीच्या शेजारी, तिच्याकडे पाठ करून, दिग्दर्शक नाटक बघत उभा होता. त्याच्या हातात सिगारेट नव्हती, म्हणजे ती कुठे होती हे सांगायला इन्स्पेक्टरची गरज नव्हती. दिवंगतांनी तांब्या टोपलीवर उपडा केला. उरलेलं पाणी मित्राच्या बुटांवर गेलं. मुद्दाम गेलं की चुकून, यावर पुढे वाद झाला.

मग ते परत रंगमंचावर आले, सोफ्यावर आडवे झाले, हात पहिल्यासारखा खाली लोंबकळत सोडला आणि डोळे मिटून म्हणाले, "चालू द्या."

इन्स्पेक्टरने घसा साफ केला. "तर," तो म्हणाला, "मृत्यूच्या वेळेबद्दल आता मला खात्री देता येत नाही."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दिवंगतांना उठून नमस्कार करावासा वाटत होता, पण एका अंकात किती वेळा उठायचं याला मर्यादा असते.

या पराक्रमानंतर त्यांची जागा पक्की झाली असं सगळ्यांना वाटलं. पण झालं उलटंच. महिने जात होते आणि आत उरलेली फुफ्फुसं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मोकळेपणाने काम करत होती. घाईतला पाहुणा आता चप्पल काढून, पाय धुऊन, चांगला ऐसपैस बसायला लागला होता. प्रेताची छाती वर यायची, थांबायची आणि सावकाश खाली जायची. त्या संथ, समाधानी श्वासावर विधवाबाई वर-खाली होत रडायच्या. एका प्रयोगात तर पुढच्या रांगेतल्या आजोबांना राहवेना. ते उठून विधवाबाईंना म्हणाले, "रडू नका हो! वाचतील ते! श्वास चांगला आहे!"

पडदा पडल्यावर दिग्दर्शक सोफ्याच्या कडेला येऊन बसला. "तुला आता मरता येत नाही," तो म्हणाला. त्याने छातीवर हात ठेवून पाहिला, हातही वर-खाली झाला.

"नाही रे," दिवंगत म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं.

मार्ग निघाला तो असा. शेजाऱ्याचं काम करणारा नट बदली होऊन परगावी गेला होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हा शेजारी तीन जिने धावत चढून येतो आणि धापा टाकत खुन्याचं वर्णन सांगतो. ते काम दिवंगतांना मिळालं. आणि प्रेत म्हणून कोणाला घ्यावं याचा विचार करत दिग्दर्शक स्वतः सोफ्यावर जरा टेकला, तर सगळे बघतच राहिले. छाती जराही हलत नव्हती. ओंडका!

नव्या कामात एकच अडचण आली. दिवंगतांना धाप लागेना.

"अरे, धावत आलायस तू," दिग्दर्शक तालमीत ओरडायचा. "तीन जिने!"

दिवंगत हा-हा-हा करून दाखवायचे, पण ते हसल्यासारखं वाटायचं. वर्षानुवर्षं जी गोष्ट फुकट मिळत होती ती आता अभिनयाने जमेना. शेवटी त्यांनी ठरवलं, खरीखुरी धाप लावून घ्यायची. प्रवेशाआधी मागच्या दाराने बाहेर पडायचं, थिएटरला एक फेरी धावत मारायची आणि तसंच रंगमंचावर घुसायचं. पहिल्या प्रयोगांना हे झकास जमलं. पुढे एक फेरी पुरेना. मग दोन मारायला लागले. मग थिएटर सोडून पोस्टापर्यंत. मग पोस्ट ओलांडून तळ्याच्या कडेने.

असेच एका रविवारी दुपारी ते शेजाऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून, गालांना रंग लावलेल्या अवस्थेत, तळ्याकडे धावत निघाले. ऊन कोवळं होतं. बेकरीच्या दारातून ताज्या पावाचा वास आला, तो त्यांनी पूर्ण आत घेतला. अगदी तळापर्यंत गेला. मग ओल्या गवताचा आला, रंग दिलेल्या बाकाचा आला. पावलांना ताल सापडला होता. शेवटचं असं कधी धावलो होतो ते आठवेना, आणि आठवत बसायची गरजही वाटेना. तळ्यापाशी वळायचं होतं, ते वळले नाहीत. तळ्यालाच फेरी घालून येऊ म्हणाले.

इकडे रंगमंचावर काय झालं ते त्यांना नंतर कळलं. शेजारी येण्याची वेळ झाली, पण शेजारी आला नाही. इन्स्पेक्टरने विधवाबाईंना त्यांचा आवडता रंग विचारला. मग माहेर विचारलं. मग लोकर कशी विणतात ते विचारलं. दिग्दर्शक सोफ्यावर मेलेला, त्यामुळे त्याला ओरडताही येईना. तो ओठ न हलवता गुरगुरत राहिला, "तो कुठाय? तो कुठाय?" आणि विधवाबाई त्याच्यावर कोसळून रडत राहिल्या, "मला काय माहीत हो!"

शेवटी दार धाडकन उघडलं आणि शेजारी आत आला. कपाळावर घाम, केस विस्कटलेले, गाल लाल, कानात कुठलंसं गवताचं फूल अडकलेलं. त्याने कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात, एका दमात, न अडखळता, खुन्याचं वर्णन सांगून टाकलं.

इन्स्पेक्टर त्याच्याकडे बघत राहिला. "तुम्ही... धावत आलात ना?"

"हो तर!" दिवंगत म्हणाले. "हवं तर परत जाऊन येऊ का?"